पाथर्डीची ज्वारी आणि तीन शतकांचा हिशेब

अहमदनगरहून (आताच्या अहिल्यानगरहून) पूर्वेस निघालेला रस्ता करंजीचा घाट ओलांडून पाथर्डीच्या मुलखात उतरू लागला, म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात त्या गर्भगिरीच्या उघड्याबोडक्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी पसरलेली उथळ, मुरमाड जमीन, आणि जेथे मातीला थोडी खोली लाभली आहे तेथे उभी असलेली रब्बीची ज्वारी. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेला आणि मोहट्याच्या देवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना हा मुलूख श्रद्धेचा म्हणून ठाऊक आहे. ऊसतोडीच्या टोळ्या जमविणाऱ्या मुकादमांना तो कष्टाळू माणसांचा म्हणून ठाऊक आहे. आणि महसूल खात्याला तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला, पावसाचा भरवसा नसलेला तालुका म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. या खात्याच्या दप्तरात, मलिक अंबराच्या जमाबंदीपासून इंग्रजी अमदानीतील आणेवारीपर्यंत, एका गोष्टीची नोंद मोठ्या काटेकोरपणे होत आली, ती ही की कोणत्या जमिनीत किती पिकले आणि त्यातले सरकारात किती जमा झाले. परंतु हे जे पिकले, ते कणसातले दाणे, तो पुरुषभर उंचीचा कडबा, ती जमिनीत राहिलेली धसकटे, हे एवढे वजन मुळात आले कोठून, हा प्रश्न कोणत्याही दप्तरात नोंदलेला आढळत नाही; कारण त्याचे उत्तर इतके उघड वाटत होते की प्रश्न करण्याचे कारणच कोणास दिसले नाही. ते मातीतून आले, दुसरे कोठून येणार?

हे उत्तर बव्हंशी चुकीचे होते, आणि ते चुकीचे ठरवून खरे उत्तर पुरे करावयास विद्वानांना सुमारे तीन शतके लागली. पाथर्डीच्या शाळेतील दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आज खरे उत्तर एका वाक्यात मिळते: वनस्पती हवेतील कर्बाम्लवायू आणि जमिनीतील पाणी यांपासून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, आपल्या हिरव्या पानांत स्वतःचे अन्न तयार करतात. मुले हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि गुणही मिळवितात. परंतु या वाक्यातील एकेक शब्द कोणी, केव्हा आणि कोणत्या पुराव्यावर मिळविला हे त्यांना कळत नाही, आणि म्हणून ते वाक्य त्यांच्या शेतापर्यंत पोहोचत नाही. तो इतिहास सांगावा आणि सांगता सांगता तो याच तालुक्याच्या ज्वारीपाशी व उसापाशी आणून सोडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्राचीनांनी या विषयाचा विचार केला नव्हता असे नाही. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल आणि त्याचा शिष्य थिओफ्रास्टस यांच्या परंपरेत झाड आपले अन्न जमिनीतून तयार स्वरूपात शोषून घेते असा समज रूढ होता. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि पुढे सुरपालाने त्याच विषयावर ग्रंथ रचला. त्यांत बी पेरावे कसे, रोग ओळखावा कसा, कोणते खत घालावे, याचे पुष्कळ व्यवहारी ज्ञान आहे. उणीव होती ती वजनाची. झाड किती वाढले आणि माती किती घटली, हे दोन आकडे कोणी एकमेकांसमोर मांडले नव्हते.

ते काम केले बेल्जममधील ब्रुसेल्स येथील यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट नावाच्या वैद्याने. त्याचा काळ १५८० ते १६४४, त्याच काळात आपल्याकडे मलिक अंबराने जमिनीची प्रत पाहून साऱ्याची घडी बसविली, १६३०–३२ च्या भयंकर दुष्काळाने दख्खन ओसाड पडली आणि १६३६ त अहमदनगरची निजामशाही बुडाली. व्हान हेल्मोंटने भट्टीत वाळवून घेतलेली दोनशे रत्तल माती एका मोठ्या कुंडीत भरली, तीत पाच रत्तल वजनाची वाळुंजाची फांदी लावली, बाहेरची धूळ आत पडू नये म्हणून तोंडावर छिद्रे पाडलेला कल्हई केलेला पत्रा बसविला, आणि पावसाच्या पाण्याखेरीज तिला दुसरे काही एक दिले नाही. पाच वर्षांनंतर त्याने झाड उपटून तोलले, ते भरले १६९ रत्तल आणि सुमारे ३ औंस. चार शरद ऋतूंत गळून पडलेली पाने यात धरलेली नव्हती. मग त्याने कुंडीतली माती पुन्हा वाळविली आणि तोलली. दोनशे रत्तलांत तूट आली ती अवघ्या दोन औंसांची.

जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणत्याही गावच्या कुलकर्ण्याला हा निकाल पाहून चमकावे लागले असते, कारण झाडाच्या खात्यावर १६४ रत्तल जमा झाले होते आणि मातीच्या खात्यावरून जवळपास काहीच खर्ची पडले नव्हते. व्हान हेल्मोंटने उरलेली सारी रक्कम पाण्याच्या नावे मांडली आणि लाकूड, साल, मुळे ही केवळ पाण्यापासून झाली असा निर्णय दिला. निर्णय अर्धाच खरा होता, आणि नवल असे की त्याच्या उरलेल्या अर्ध्याचा पुरावा त्याच्याच संग्रही होता. ओकच्या लाकडाचा बासष्ट रत्तल कोळसा जाळला असता एक रत्तल राख उरते आणि बाकीचे एकसष्ट रत्तल एका अदृश्य वायूच्या रूपाने निघून जातात, हे त्यानेच नोंदून ठेवले होते. हवेहून निराळ्या अशा पदार्थांना ‘गॅस’ हे नावही त्यानेच दिले. जे जळताना हवेत जाते, ते वाढताना हवेतून आले असेल, ही जोडणी मात्र त्याच्या मनात आली नाही. धर्मन्यायालयाच्या चौकशीने गांजलेल्या या गृहस्थाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, त्याच्या मुलाने प्रसिद्ध केला.

येथे क्षणभर थांबून पाथर्डीच्या मुलाला एक गोष्ट दाखवावी. त्याच्या घरी चुलीत धसकटे किंवा तुरकाठ्या जळतात आणि भाराभर सरपणाची शेवटी ओंजळभर राख उरते. ती राख म्हणजे जमिनीने दिलेले क्षार होत. धूर आणि वाफ होऊन जे गेले, ते जवळजवळ सगळे हवेतून आणि पाण्यातून आलेले होते. व्हान हेल्मोंटच्या दोन औंसांचा अर्थ कळण्यास याहून अधिक सामग्री लागत नाही.

पाण्याच्या बरोबरीने हवेचे नाव पुढे यावयास शंभराहून अधिक वर्षे गेली. १७२७ साली स्टीव्हन हेल्स या इंग्रज पाद्र्याने, पाने हवेतून काही पोषण घेत असावीत आणि प्रकाशाचाही त्यात भाग असावा, अशी शंका लिहून ठेवली. पण पुरावा दिला तो दुसऱ्या एका धर्मोपदेशकाने. जोसेफ प्रीस्टली हा इंग्लंडातील लीड्स येथे राहत असे. १७७१ च्या ऑगस्टच्या १७ तारखेला, ज्या हवेत मेणबत्ती जळून विझली होती अशा कोंडलेल्या हवेत त्याने पुदिन्याची एक डहाळी ठेवली, आणि दहा दिवसांनी, २७ तारखेस, त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम जळते असे त्यास आढळले. पुढे अशा हवेत उंदीरही जिवंत राहतो हे त्याने दाखविले. ज्वलनाने आणि प्राण्यांच्या श्वासाने दूषित झालेली हवा वनस्पती पुन्हा शुद्ध करतात, हे या प्रयोगाचे सार; त्याबद्दल १७७३ साली रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. इकडे पुण्यात त्याच सुमारास थोरल्या माधवरावांची प्रकृती ढासळत होती आणि १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे त्यांचा अंत झाला. अहमदनगरचा किल्ला तेव्हा पेशव्यांच्या ताब्यात होता.

प्रीस्टलीचा प्रयोग कधी साधे, कधी फसे. आणि स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाला तर वनस्पती हवा बिघडवितात असा उलटाच अनुभव आला. या विसंगतीचा उलगडा यान इंगेनहाऊझ या डच वैद्याने केला. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवी टोचण्याच्या कामगिरीने कीर्ती पावलेला हा गृहस्थ १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका वाडीत जाऊन राहिला, आणि तीन महिन्यांत त्याने पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली म्हणजे त्यांतून बुडबुडे निघतात, सावलीत ते थांबतात. नुसत्या उबेने ते निघत नाहीत, त्यांना प्रकाशच लागतो. आणि ही क्रिया फक्त हिरव्या भागांत होते, मुळांत, फुलांत किंवा फळांत नाही. रात्री मात्र झाडाचे सर्व भाग प्राण्यांप्रमाणेच हवा दूषित करतात. त्याच वर्षी त्याचा ग्रंथ निघाला आणि आजच्या पाठ्यपुस्तकातील व्याख्येतले ‘सूर्यप्रकाश’ आणि ‘हिरवी पाने’ हे दोन शब्द जगाला मिळाले. मराठेशाहीच्या इतिहासात हे वर्ष वडगावच्या तहाचे म्हणून प्रसिद्ध आहे.

जिनीव्हा या एकाच गावातील दोघांनी उरलेली कलमे भरली. झॉं सेनेबिए या पाद्र्याने १७८२ साली दाखविले की पानांना हे काम करण्यास कर्बाम्लवायू, म्हणजे आजच्या पुस्तकांतला कार्बन डायऑक्साइड, अवश्य लागतो. आणि निकोला-तेओदोर द सोस्यूर याने १८०४ च्या आपल्या ग्रंथात असे सिद्ध केले की झाडाचे वाढलेले वजन हे हवेतून घेतलेल्या कर्बापेक्षा (कार्बनपेक्षा) अधिक भरते, म्हणजे पाणी हे केवळ वाहक नसून तेही झाडाच्या देहात प्रत्यक्ष जमा होते. व्हान हेल्मोंटच्या वहीतली मोठी बाकी अशी दीडशेहून अधिक वर्षांनी मिटली. हवा, पाणी, प्रकाश, हिरवे पान, या चारी गोष्टींची रुजवात झाली.

१८०४ हे साल अहमदनगरच्या इतिहासात कसे उजाडले, हे आठवल्यावाचून राहवत नाही. आदल्या ऑगस्टात इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला होता. शिंदे-होळकरांच्या झगड्यात आणि पेंढाऱ्यांच्या लुटीत गावे उजाड झाली होती. आणि त्यावर पावसाने दगा दिल्याने १८०३–०४ चा दुष्काळ नगर जिल्ह्यावर कोसळला होता. धान्य कशापासून होते याचे उत्तर पॅरिसात छापले जात असता येथे माणसे धान्यावाचून मरत होती, आणि या दोन घटनांची एकमेकींना वार्ताही नव्हती.

ती वार्ता मराठीत येण्याचे मार्ग पुढील अर्धशतकात तयार झाले, आणि त्यांतील एक अहमदनगरातूनच निघाला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास ठाणे घातले. सिंथिया फरार हिच्या येथील शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. आणि १८४२ साली येथूनच ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू झाले, ज्यात धर्मप्रचाराबरोबर सृष्टिविज्ञानाचे विषयही येत. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली काढलेले ‘दिग्दर्शन’ मासिक शास्त्रीय ज्ञानासाठीच होते, आणि शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी रसायन-पदार्थविज्ञानादी शास्त्रांवर मराठीत ग्रंथमाला लिहिली. परंतु ही सारी विद्या शहरांत आणि शिकलेल्या वर्गांत फिरत राहिली. शेवगाव तालुक्याच्या दप्तरात मोडणाऱ्या तेव्हाच्या पाथर्डीच्या शेतकऱ्याच्या मुलापर्यंत ती पोहोचण्याची सोय नव्हती.

ही उणीव ज्याने नेमकी हेरली, तो पुरुष म्हणजे जोतीराव फुले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी अशी मागणी केली की प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक व सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, आणि ग्रामीण शाळांच्या अभ्यासक्रमात हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतकीचे प्राथमिक ज्ञानही असावे. पुढच्याच वर्षी लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी पाणी अडविण्याचा आणि माती राखण्याचा आग्रह धरला. १८७६–७८ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाचे ते म्हणणे होते, आणि त्यामागे हा विचार स्पष्ट होता की ज्याच्या हातून धान्य पिकते, त्याला धान्य पिकण्याचे शास्त्र कळलेच पाहिजे.

त्याआधीच जर्मनीत त्या शास्त्राला त्याचा सर्वांत बोलका प्रयोग मिळाला होता. लीबिग या रसायनज्ञाने १८४० साली खनिज क्षारांचे महत्त्व सांगून मातीला तिचा खरा, अल्प परंतु अपरिहार्य, वाटा मिळवून दिला होता. आणि १८६२ ते १८६४ या वर्षांत युलिउस झाक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखविले की प्रकाशात पानाच्या हिरव्या कणांमध्ये पिष्ट तयार होते, अंधारात ते होत नाही. पानाचा काही भाग झाकून उरलेला उन्हात ठेवावा, मग पान उकळून, मद्यार्कात त्याचा हिरवा रंग काढून, त्यावर आयोडीन टाकावे. उघडा भाग निळसर काळा होतो आणि झाकलेला तसाच पिवळट राहतो. जे आपण भात-भाकरीत खातो तेच पिष्ट झाडाने आपल्यासाठी केव्हा आणि कोठे घडविले, हे या प्रयोगात डोळ्यांना दिसते. मद्यार्क उघड्या ज्योतीवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून शिक्षकाने तो स्वतः तापवावा, एवढी काळजी घेतली तर हा प्रयोग कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत होण्याजोगा आहे.

हिंदुस्थानचा या इतिहासातील भाग लहान असला तरी उल्लेखनीय आहे. कंपनी सरकारच्या चाकरीत येथे असलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिज्ञाने १८१५ त प्रसिद्ध झालेल्या पत्रात लिहिले की पानफुटीची पाने पहाटे आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात. या आंबटपणाचे रहस्य फार उशिरा उलगडले. पानफुटी, कोरफड, निवडुंग यांसारख्या मांसल वनस्पती दिवसा पाणी वाचविण्यासाठी आपली पर्णरंध्रे मिटून घेतात, रात्री ती उघडून कर्बाम्लवायू आम्लाच्या रूपाने साठवितात, आणि दिवसा त्यापासून अन्न करतात. शंभर वर्षांनंतर जगदीशचंद्र बोस यांनी पाण्यातल्या हायड्रिलावर स्वतः बनविलेल्या यंत्रांनी बुडबुड्यांची नोंद घेतली आणि १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर, म्हणजे पानांच्या याच अन्ननिर्मितीवर, ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात १९२८ साली पुण्यातून ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले, आणि मालवणात जन्मलेले, कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यासन भूषविलेले शं. पु. आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभारली. पाथर्डीतही तोवर शिक्षणाची घडी बसत होती. याच तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेल्या आनंदऋषींच्या प्रेरणेने उभे राहिलेले तिलोक जैन विद्यालय त्या घडीचे एक अंग होते.

परंतु इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा अध्याय, पाथर्डीच्या दृष्टीने तरी, अद्याप यावयाचा होता. हवेतला कर्ब पानात शिरल्यावर कोणत्या पायऱ्यांनी साखर होतो हे अजून अंधारात होते. १९४० साली कॅलिफोर्नियात रूबेन व केमन यांनी किरणोत्सारी कर्ब शोधून काढला, आणि त्याच्या साहाय्याने मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी १९४६ ते १९५४ या काळात हा मार्ग उलगडला. सूक्ष्म शैवालाला हा खुणेचा कर्ब देऊन काही क्षणांतच ते उकळत्या मद्यार्कात सोडावे आणि खूण कोणत्या पदार्थात सापडते ते पाहावे, अशी त्यांची रीत होती. पहिला पदार्थ निघाला तो तीन कर्बांचे आम्ल. कॅल्व्हिनला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि सर्व वनस्पतींचा मार्ग हाच, असे मानले जाऊ लागले.

त्याला अपवाद सापडला तो उसात. हवाई बेटांतील ऊस-मळेवाल्यांच्या प्रयोगशाळेत कोर्टशाक, हार्ट आणि बर यांना उसाच्या पानात खुणेचा कर्ब प्रथम चार कर्बांच्या आम्लांत आढळे. त्यांनी तो निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी त्याचा मार्ग मांडला. गहू, भात, हरभरा, तूर यांच्या पानांत कर्ब पकडणारे विकर प्रखर उन्हात आणि उष्णतेत चुकून प्राणवायूही पकडते आणि केलेल्या कमाईतला काही भाग वाया जातो. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांच्या पानांत ही चूक टाळण्याची व्यवस्था आहे: बाहेरच्या पेशींनी कर्बाम्लवायू चार कर्बांच्या आम्लात पकडावयाचा, शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत नेऊन सोडावयाचा, आणि तेथे तो दाट साठल्यावर साखर करावयाची.

या शोधाचे महत्त्व दुष्काळी मुलखात राहणाऱ्यालाच नीट कळेल. पानावरील ज्या सूक्ष्म रंध्रांतून कर्बाम्लवायू आत येतो, त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. हवेच्या दहा हजार भागांत हा वायू जेमतेम चार भाग असल्यामुळे तो मिळविण्यासाठी झाडाला पाणी फार खर्चावे लागते, आणि जमिनीतली ओल संपत आली म्हणजे झाड रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण अन्नाची आवक बंद पडते. १९७२ च्या दुष्काळात जेव्हा नगर जिल्ह्यातील माणसे खडी फोडून आणि पाझर तलावांची माती वाहून सुकडीवर दिवस काढीत होती, तेव्हा उन्हाची आणि हवेची काही वाण नव्हती. पाण्याचे एक कलम रिकामे पडल्यामुळे बाकीची तिन्ही निरुपयोगी झाली होती. तहानलेले झाड भर उन्हात उपाशीही राहते, हे पाथर्डीच्या मुलाला सांगितले म्हणजे अवर्षणाचा अर्थ त्याला शास्त्राच्या भाषेत प्रथमच कळतो.

आणि ज्वारी या भूमीत का टिकली, तेही कळते. चार कर्बांच्या मार्गाने जाणारे पान रंध्रे थोडीच उघडूनही आपले काम भागविते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या कोरड्या मैदानात ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी केलेल्या मोजणीत एक भाग शुष्क पदार्थ घडविण्यास ज्वारीला सुमारे सव्वातीनशे भाग पाणी लागले, तर गव्हाला पाचशेहून अधिक. त्यांना कारण ठाऊक नव्हते. ते उसाने सांगितले. मोहोळच्या शेती संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी रब्बीत केवळ जमिनीतल्या ओलीवर पोसते, यात मुळांची खोली आणि रात्रीचे दव यांबरोबर पानातल्या या व्यवस्थेचाही हात आहे.

उसाची गोष्ट मात्र निराळी वळते. तोच मार्ग पानात असूनही वर्ष-दीड वर्ष शेतात उभे राहणारे हे पीक एकूण पाणी पुष्कळ पिते, आणि म्हणून ते कालव्यांच्या काठी वाढले. प्रवरेच्या पाण्यावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या लोणीच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०–५१ चा. त्यानंतर महाराष्ट्रभर कारखाने वाढले, आणि त्यांचा ऊस तोडण्यास माणसे गेली ती बहुतांशी पाथर्डी-शेवगाव, बीड अशा कोरड्या भागांतून. आजही दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेले जोडपे, ज्याला तोडीच्या भाषेत ‘कोयता’ म्हणतात, मुलाबाळांसह निघते, फडाजवळच्या कोप्यांत राहते, मोळ्या बांधते, वाढे विकते किंवा बैलांपुढे टाकते, आणि उन्हाळा लागल्यावर परतते. मुलांची शाळा या महिन्यांत सुटते. हंगामी वसतिगृहांनी आणि साखरशाळांनी ही गळती काही अंशी रोखली, पण ती थांबली असे कोणी म्हणणार नाही. ज्या पानांनी प्रकाशसंश्लेषणाच्या शास्त्राला नवा अध्याय दिला, त्या पानांच्या धारेने ज्यांचे हात चिरतात, त्यांच्याच मुलांना तो अध्याय वाचावयास मिळू नये, ही फुल्यांनी १८८२ साली मांडलेल्या तक्रारीची न मिटलेली बाकी होय.

म्हणून शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. हा पाठ व्याख्येपासून सुरू करू नका. व्हान हेल्मोंटच्या तागडीपासून सुरू करा. मुलांना चुलीतली राख आणावयास सांगा आणि जमिनीचा वाटा किती हे त्यांनाच ठरवू द्या. गावच्या तळ्यात किंवा विहिरीत हायड्रिला सापडला तर तो काचेच्या भांड्यात, उपड्या नरसाळ्याखाली, उन्हात आणि सावलीत ठेवून बुडबुडे मोजू द्या, म्हणजे इंगेनहाऊझचा उन्हाळा पाथर्डीत पुन्हा घडेल. खत म्हणजे झाडाचे अन्न, असे सांगण्याची सवय सोडा. खत हे लागणारे साहित्य आहे, अन्न पानात शिजते. ज्वारीचे आणि हरभऱ्याचे पान शेजारी ठेवून एकाचा मार्ग दुसऱ्याहून वेगळा का, हा प्रश्न विचारा. आणि दिवाळीनंतर ज्यांचे बाक रिकामे पडणार आहेत त्यांच्यासाठी हा पाठ दिवाळीपूर्वी घ्या. त्याला यंत्रसामग्री लागत नाही, अनुदान लागत नाही. ऊन, पाणी, हिरवे पान आणि विचारणारे मूल, एवढे पुरते, आणि ते पाथर्डी तालुक्यातील प्रत्येक शाळेत आहे.